हप्ता ठरवतं कोण?



मृगाचा पाऊस पडून सरकी जमिनीत गेली, मका टोबून झाला, की आमच्या सिल्लोडच्या बाजारात एक निराळीच गर्दी दिसू लागते. ती बियाण्याची नव्हे आणि खताचीही नव्हे. सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक यांच्या झेरॉक्स पिशवीत घालून माणसे सेवा केंद्रापुढे उभी असतात. पिकाचा विमा भरायचा असतो. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. पण वडिलांच्या नावे थोडी जमीन आहे, तेव्हा त्या रांगेत मीही उभा राहिलेला माणूस आहे. एके वर्षी माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका वयस्कर बाबांनी मागे वळून मला विचारले, "सर, तुम्ही शिकलेले. हा हप्ता ठरवतं कोण? अन् कशावरून ठरवतं?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर मला उत्तर ठाऊक नव्हते. घरी आल्यावर लाज वाटली, आणि मग हळूहळू जे वाचले, विचारले, हिशेब करून पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

विमा ही काही सगळीच विलायतेची देणगी नव्हे. आपल्या सावकारी पेढ्यांवर हुंड्या चालत, त्यांत एक 'जोखमी हुंडी' असे. माल सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे द्यायचे. वाटेत गलबत बुडाले किंवा माल नाहीसा झाला, तर नुकसान पैसे देणाऱ्याने सोसायचे. म्हणजे हुंडी आणि विमा एकाच कागदावर. त्याचा दर सावकार ठरवी. पण तो रस्ता आणि तो मोसम व्यापाऱ्यालाही तेवढाच ठाऊक असे. त्यामुळे दर जास्त वाटला तर घासाघीस करता येई. ही घासाघीस करण्याची ताकद कुठे गेली, हाच आजच्या बोलण्याचा विषय म्हणा ना.

आयुर्विमा मात्र इंग्रजांबरोबर आला. १८१८ मध्ये कलकत्त्यास ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली, ती प्रामुख्याने इकडे राहणाऱ्या युरोपियनांसाठी. हिंदी माणसाचा विमा उतरायला पुष्कळ कंपन्या तयारच नसत. कलकत्त्याचे धनिक बाबू मोतीलाल सील यांच्यासारख्यांनी खटपट केली, तेव्हा काही कंपन्या राजी झाल्या. परंतु एका अटीवर. हिंदी माणसाचा जीव कमी प्रतीचा धरायचा आणि त्याच्याकडून शेकडा पंधरा-वीसपर्यंत जादा हप्ता घ्यायचा!

आता हा जादा हप्ता येतो कुठून, ते एका साध्या हिशेबाने पाहू. समजा, तीस वर्षे वयाची हजार माणसे आहेत आणि प्रत्येकाला हजार रुपयांचा विमा हवा आहे. वर्षात त्यांतली दहा दगावतील असा अंदाज असेल, तर दहा हजार रुपये लागतील. म्हणजे माणशी दहा रुपये. कंपनीचा खर्च आणि नफा वेगळा. पण कोणी म्हणाले की, "छे, ही माणसे हिंदी आहेत, यांतली बारा दगावतील," की हप्ता झाला बारा रुपये. या दोन माणसांच्या फरकावर सारा खेळ. आणि गंमत अशी की, हिंदी माणसे कोणत्या वयात किती मरतात, याची भरवशाची मोजदाद त्या काळी कोणाजवळच नव्हती. विलायतेतला तक्ता घ्यायचा आणि त्यावर अंदाजाने भर टाकायची. न मोजताच भाव लावलेला होता, एवढाच त्याचा अर्थ.

याला पहिले ठाम उत्तर मुंबईने दिले. १८७० मध्ये तिथे बॉम्बे म्युच्युअल लाइफ ॲश्युरन्स सोसायटी स्थापन झाली आणि तिने हिंदी माणसाचा विमा साध्या, नेहमीच्या दराने उतरायला सुरुवात केली. 'म्युच्युअल' या शब्दाकडे लक्ष द्या. आपल्याकडे भिशी असते, बचत गट असतो, तशातलाच हा प्रकार. मालक निराळा आणि गिऱ्हाईक निराळे, असे नाही. ज्यांनी विमा उतरवला तेच मालक. सरकारकडे अर्ज करून, परक्या कंपनीकडे गाऱ्हाणे मांडून दर उतरत नाही म्हटल्यावर या लोकांनी आपले दुकानच थाटले. नेमक्या त्याच वर्षी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. मुंबईचे लोक आपल्या जिवाचा भाव आपण लावू म्हणत होते आणि पुण्याचे लोक रयतेचे म्हणणे आपण गोळा करू म्हणत होते. १८७६-७७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवून ती सरकारपुढे ठेवली, ती याच बाण्याने.

पुढे १८७४ मध्ये मुंबईतच ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी लाइफ ॲश्युरन्स कंपनी निघाली. १९१३ मध्ये आपल्या साताऱ्यासारख्या गावी अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी उभी केली. साताऱ्यासारख्या ठिकाणी विमा कंपनी निघते, हे त्या काळाचे धाडसच म्हणायचे. या देशी कंपन्यांचे एक मोठे काम असे झाले की, हिंदी माणसांच्या जन्ममृत्यूचा हिशेब साठत गेला. ओरिएंटल कंपनीच्या १९२५ ते १९३५ या दहा वर्षांच्या अनुभवावरून तयार झालेला तक्ता पुढे सबंध देशाला उपयोगी पडला. आता अंदाजाची जागा मोजणीने घेतली.

मधला भाग थोडक्यात सांगतो. काही कंपन्यांत विमेदारांच्या पैशाचा गैरवापर झाला, लोकसभेत त्यावर बोलणे झाले, आणि १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरूनच देशाला सांगितले की, आयुर्विम्याचा धंदा सरकारने हाती घेतला आहे. ज्या माध्यमातून मी आपल्याशी बोलतो आहे, त्याच माध्यमातून ती बातमी घरोघर गेली. दोनशे पंचेचाळीस लहानमोठ्या संस्था एकत्र होऊन १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. त्यांत बॉम्बे म्युच्युअलही गेली, ओरिएंटलही गेली आणि साताऱ्याची कंपनीही गेली.

सरकारी झाले म्हणजे दर आपोआप रास्त होतो, असे मात्र समजू नका. माणसांचे आयुष्य वाढत चालले. पण १९२५-३५ चा तो जुना तक्ता पुढे कित्येक वर्षे हप्त्याच्या पायाशी तसाच राहिला. ज्या तक्त्याने एकदा न्याय दिला, तोच आता जुना होऊन अन्याय करू लागला. अहमदाबादच्या ग्राहक चळवळीतले प्राध्यापक मनुभाई शहा यांनी १९७८ मध्ये एक टिपण लिहून सांगितले की, महामंडळ विमेदारांकडून वाजवीपेक्षा जास्त हप्ता घेते आणि त्यामुळे गरिबाला विमा परवडेनासा होतो. महामंडळाच्या अधिकाऱ्याने त्यांना वर्तमानपत्रातून उत्तर दिले. ते उत्तर महामंडळाच्या 'योगक्षेम' या मासिकातही छापले. शहा म्हणाले, माझे प्रत्युत्तरही तिथेच छापा. मासिकाने नकार दिला. आता पाहा, भांडण हप्त्याचे. पण ते गेले कुठवर, तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत! १९९२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या मासिकाने एकच बाजू छापून दुसरी दाबता येणार नाही. शहांचे म्हणणे छापावे लागेल. पुढे १९९५ मध्ये आणखी एका खटल्यात त्याच न्यायालयाने, एक विशिष्ट विमा योजना फक्त नोकरदारांपुरती राखून ठेवणे घटनेला धरून नाही, असे ठरवले. मला स्वतःला १९९२ चा निकाल जास्त मोलाचा वाटतो. दर चूक की बरोबर हा प्रश्न बाजूला राहू द्या. त्यावर उघडपणे वाद घालायला जागा मिळाली, ही गोष्ट लहान नव्हे.

हे दुखणे आपल्याच देशाचे आहे असेही नाही. अमेरिकेत फ्लोरिडा नावाचे राज्य आहे. १९९२ मध्ये तिथे मोठे वादळ झाले आणि त्यानंतर समुद्रकाठच्या घरांच्या विम्याचे हप्ते चढत गेले. तिथल्या मन्रो परगण्यातली बेटांवरची माणसे २००६ मध्ये संघटित झाली. त्यांचे म्हणणे एवढेच की, आमची घरे वादळाला तोंड देतील अशा रीतीने पक्की बांधलेली आहेत. तेव्हा सगळ्या किनाऱ्याला एकच माप लावू नका, आमच्या घरांच्या नोंदी पाहा आणि मग भाव लावा. सिल्लोडचा शेतकरी आणि फ्लोरिडाचा घरमालक यांची कधी गाठ पडणार नाही. पण बोलणे एकच आहे.

तर आता आपल्या शेताकडे येऊ.

पिकाचा विमा माणसाच्या विम्याइतका सरळ नाही. माणूस गेला की गेला, त्यात वाद नाही. पण पीक किती गेले, हे ठरवायचे कोणी? जुन्या महसुलात यासाठी आणेवारी होती, आणि तिच्यावरूनच १९१८ मध्ये गुजरातेत खेड्याचा सत्याग्रह झाला. पीक चार आण्यांपेक्षा कमी असेल तर सारावसुली पुढे ढकलायची, असा नियम होता. अधिकारी म्हणत, पीक चार आण्यांच्या वर आहे. रयत म्हणे, खाली आहे. गांधीजी, वल्लभभाई आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले आणि त्यांनी पिकाची आपली स्वतंत्र चौकशी केली. लढा साऱ्याचा होता खरा, पण त्याच्या मुळाशी मोजमापाचाच प्रश्न होता.

त्याच सुमारास म्हैसूर संस्थानात जे. एस. चक्रवर्ती नावाचे गृहस्थ शेतीच्या विम्याचा विचार करीत होते. १९२० मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्यांची कल्पना अशी की, शेतोशेत जाऊन नुकसान मोजत बसण्याऐवजी पाऊस मोजावा. अमुक इतका कमी पडला की भरपाई द्यावी. ही सूचना कित्येक वर्षे कपाटातच राहिली म्हणायला हरकत नाही.

१९७२ मध्ये गुजरातेत एच-४ या संकरित कापसावर पहिला प्रयोग झाला आणि पुढे तो आपल्या महाराष्ट्रासह काही राज्यांत गेला. प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान स्वतंत्र पाहायचे, अशी ती रीत. तिचा हिशेब ऐका. सहा-सात वर्षांत शेतकरी आले फक्त ३,११०; हप्ता जमला ४.५४ लाख रुपये आणि भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाख! एवढ्या तोट्यावर कुठली योजना टिकणार? ज्याला नुकसानीची खात्री तोच विमा काढणार, आणि शेत पाहायला माणूस पाठवायचा खर्च वेगळाच.

यातून वाट काढली ती पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी. हेही साताऱ्याचेच. १९७६ मध्ये त्यांनी मांडले की, एकेका शेताचे नुकसान पाहू नका. सारख्या जमिनीचा आणि सारख्या पावसाचा एक टापू धरा, त्या टापूची सरासरी पाहा. सरासरी घसरली तर टापूतल्या सर्व विमेदारांना सारख्याच प्रमाणात भरपाई द्या. १९७९ पासून या तत्त्वावर प्रायोगिक योजना चालली, १९८५ मध्ये सर्वंकष पीक विमा योजना आली, १९९९ मध्ये राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजना. नावे बदलली, पण पाया दांडेकरांचाच.

हा पाया नीट समजून घेऊ, शिक्षक बंधुभगिनींनी तर फळ्यावरच मांडावा. समजा, आपल्या मंडळात मक्याचे गेल्या सात वर्षांचे उत्पन्न घेतले. त्यांतली चांगली पाच वर्षे निवडली आणि त्यांची सरासरी हेक्टरी तीस क्विंटल आली. त्याचे सत्तर टक्के म्हणजे एकवीस क्विंटल. हे झाले उंबरठा उत्पन्न. यंदा पीक कापणी प्रयोगांवरून मंडळाची सरासरी अठरा आली, तर तूट तीन क्विंटलची, म्हणजे एकविसाचा सातवा हिस्सा. विमा हेक्टरी पस्तीस हजारांचा असेल तर भरपाई पाच हजार. आता ज्याचे शेत पार वाहून गेले त्यालाही पाचच हजार, आणि ज्याला नशिबाने चाळीस क्विंटल झाले त्यालाही पाच हजार. पण सरासरी अठराऐवजी एकवीस भरली, तर कोणालाच काही नाही. वाहून गेलेल्यालाही नाही.

म्हणून भांडण कशाचे, तर टापू केवढा धरायचा याचे. तालुका धरला की सिल्लोडच्या एका टोकाचा पाऊस दुसऱ्या टोकाला झाकतो. शेतकऱ्यांची आणि त्यांच्या संघटनांची जुनी मागणी हीच की, टापू लहान करा. तालुक्यावरून मंडळावर या, मंडळावरून गावावर या. लहान टापूला प्रयोग जास्त लागतात, माणसे जास्त लागतात, म्हणून सरकार आणि कंपन्या कचरतात. दोन्ही बाजूंत थोडे तथ्य आहे; पण आमच्या शिवारात एक बांध असा आहे की त्याच्या अलीकडे एक मंडळ आणि पलीकडे दुसरे. एके वर्षी पलीकडच्या चुलतभावाला पैसे मिळाले, अलीकडे आम्हाला नाही. ढग मात्र एकच होता!

दुसरे भांडण दराचे. १९८५ च्या योजनेत कापूस नव्हताच. तृणधान्ये, कडधान्ये आणि गळिताची धान्ये एवढीच होती. १९९९ मध्ये कापूस आला, पण धान्याला दीड-दोन ते साडेतीन टक्के असा बांधलेला दर आणि कापसाला मात्र जोखमीच्या हिशेबाने निघेल तो. ज्या भागात पाऊस बेभरवशाचा, तिथे तो हिशेब चढता निघणार हे उघडच आहे. समुद्रकाठच्या घरमालकाची आणि आपल्या कापूसवाल्याची तक्रार इथे अगदी एक होते. २०१६ मध्ये खरिपाला दोन, रब्बीला दीड आणि कापसासारख्या नगदी पिकांना पाच टक्के अशी शेतकऱ्याची मर्यादा बांधली गेली; वरचा भाग केंद्र आणि राज्य यांनी भरायचा. २०२३ मध्ये आपल्या राज्याने शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला. लोक खूश झाले, मीही झालो. पण दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जागेवरही विमे उतरल्याचे उघडकीस आले आणि २०२५ च्या खरिपात तो एक रुपया गेला, पुन्हा दोन, दीड आणि पाच टक्के आले. त्याबरोबर स्थानिक आपत्तीची आणि काढणीनंतरच्या नुकसानीची वेगळी भरपाईही वगळली गेली. उरली ती फक्त कापणी प्रयोगाची सरासरी. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात महापूर आले. हप्ता उतरवण्याची मागणी सोपी असते, टाळ्याही त्यालाच पडतात. पण हप्त्याच्या मोबदल्यात काय पदरात पडणार, तिकडे आपण सर्वांनीच कमी लक्ष दिले, असे माझे मत आहे.

२०२० चा खरीप आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सोंगलेला मका शेतात पडलेला आणि वरून पाऊस थांबेना. कणसांना जागेवर कोंब फुटले. नियम असा होता की, नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत कंपनीला कळवायचे. आमच्या काकांच्या गावात दोन दिवस वीज नव्हती, फोन मेलेला. चौथ्या दिवशी ते ओढ्याच्या पाण्यातून वाट काढीत सिल्लोडला आले आणि माझ्याकडून फोन लावला. पलीकडचा मुलगा फार अदबीने बोलला. मुदत संपली म्हणाला. काका त्याला म्हणाले, "बाळा, बहात्तर तास पाऊसच थांबला नाही रे." त्यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हते, आणि माझ्याजवळही नव्हते.

आम्ही तिथेच थांबलो. धाराशिवचे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचे शेतकरी थांबले नाहीत. त्याच हंगामातल्या सोयाबीनच्या नुकसानीबद्दल ते उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. तिथेही कंपनीचे म्हणणे बहात्तर तासांचेच होते. इतक्या शेतकऱ्यांनी एवढ्या थोड्या वेळात कळवावे तरी कसे, आणि महसूल व कृषी खात्याचे पंचनामे असताना ते बाजूला कसे सारता येतील, हा शेतकऱ्यांचा सवाल होता. मे २०२२ मध्ये खंडपीठाने निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने दिला: साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना कंपनीने भरपाई द्यावी, आणि तिने दिली नाही तर राज्य शासनाने द्यावी. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले. पण तलाठ्याने आणि कृषी सहायकाने चिखलात उभे राहून लिहिलेल्या कागदांचे मोल त्या निकालाने वाढवले, हे खरे.

रांगेतल्या त्या बाबांची नंतर एकदा आमठाण्याला मिरचीच्या बाजारात गाठ पडली. मी त्यांना उंबरठा उत्पन्नाचा हिशेब एका पोत्यावर खडूने मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा करायला लावला. मग विचारले, "हा कापणीचा प्रयोग आमच्या गावात कधी असतो? कोणाच्या गटात?" मी सांगितले की, गट नंबर आधीच चिठ्ठी काढावी तसे ठरलेले असतात, प्रयोग गावकऱ्यांसमक्ष करायचा असतो, आणि तुम्ही तिथे हजर राहू शकता.

त्या हंगामात त्यांच्या गावी प्रयोग झाला तेव्हा मीही गेलो होतो. कृषी सहायकाने दोरी धरून तुकडा आखला, कणसे तोडली, सोलली, वजन केले. बाबा काट्याजवळ उभे होते. शाळेतल्या गुरुजींनी सातवीची चार मुले आणली होती. त्यांतल्या एका मुलीने वजन, गट नंबर आणि तारीख आपल्या वहीत लिहून घेतली, आणि खाली हजर असलेल्या सर्वांच्या सह्या मागितल्या. कृषी सहायक आधी जरा घुटमळले. मग हसले आणि त्यांनी सही केली.